पालकत्व तेच, संस्था दुसरी
ब्रिटनमधील ‘फॉस्टर केअर’ आणि संस्था बदलू पाहणाऱ्या पालकांपुढील पेच

विशेष प्रतिनिधी

समजा, इंग्लंडमधील लेस्टर शहरात एक मराठी दाम्पत्य राहते. स्वतःची मुले मोठी होऊन बाहेर पडली, घरातील एक खोली रिकामी झाली, म्हणून त्यांनी काही वर्षांपूर्वी ‘फॉस्टर केअर’साठी नाव नोंदविले. गेली तीन वर्षे त्यांच्याकडे एक नऊ वर्षांचा मुलगा राहतो. मूळचा गुजराती कुटुंबातला हा मुलगा आता वरण-भात मागून घेतो आणि शाळेतून आल्यावर दप्तर नेमके जिन्यातच टाकतो. मुलाविषयी या दाम्पत्याची काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्या संस्थेमार्फत तो त्यांच्याकडे आला, त्या संस्थेविषयी. दोन वर्षांत तीन समाजसेविका बदलल्या, रात्रीच्या वेळी मदतीसाठी दिलेला दूरध्वनी कोणी उचलत नाही आणि मुलाच्या समुपदेशनाचा विषय वर्षभर कागदावरच आहे. शहरातील दुसऱ्या एका संस्थेचे काम चांगले असल्याचे त्यांच्या कानावर येते. तेव्हा संस्था बदलावी काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

उदाहरण कल्पित असले, तरी प्रश्न कल्पित नाही. इंग्लंडमधील प्रतिपालक पालकांपैकी अनेकांना तो कधी ना कधी पडतो. बँकेतले खाते किंवा मोबाइलची कंपनी बदलणे यात आणि प्रतिपालनाची संस्था बदलणे यात मोठा फरक आहे. खाते बदलले तर फार तर चार अर्ज भरावे लागतात. येथे मात्र एका मुलाचे घर पणाला लागलेले असते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी या कामाचा विचार करीत असल्यास, अथवा कोणाचे आप्त या कामात असल्यास, त्यांना ही प्रक्रिया नीट समजून घेणे उपयुक्त ठरावे.

दत्तक नव्हे, प्रतिपालन

आपल्याकडे ‘फॉस्टर केअर’ आणि दत्तक यांत बरेचदा गल्लत केली जाते. दत्तकविधानात मूल कायद्याने नव्या आईवडिलांचे होते आणि जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपते. प्रतिपालनात तसे होत नाही. घरी आईवडिलांकडून आबाळ होत असेल, मारहाण वा अन्य अत्याचार होत असतील, अथवा आजारपणामुळे किंवा व्यसनामुळे आईवडील मुलाला सांभाळू शकत नसतील, तर स्थानिक प्राधिकरण म्हणजे तेथील कौन्सिल मुलाची जबाबदारी आपल्याकडे घेते आणि त्याला दुसऱ्या कुटुंबात राहावयास पाठविते. काही मुले काही दिवसांनी घरी परततात, तर काही सज्ञान होईपर्यंत तेथेच वाढतात. या काळात मुलाविषयीचे मोठे निर्णय कौन्सिल आणि जन्मदाते यांच्या हाती असतात. प्रतिपालक पालकाकडे मुलाच्या रोजच्या जगण्याची जबाबदारी असते. शिवाय, केस कापणे किंवा शाळेच्या सहलीची परवानगी यांसारखे जे निर्णय त्यांच्यावर सोपविलेले असतील, तेही त्यांनीच घ्यावयाचे असतात.

या साऱ्याचा पाया १९८९ चा ‘चिल्ड्रेन अॅक्ट’ हा आहे. ३१ मार्च २०२४ रोजी इंग्लंडमध्ये कौन्सिलांच्या देखरेखीखाली ८३,६३० मुले होती आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुले प्रतिपालक कुटुंबांत राहत होती. याच कायद्याने कौन्सिलांवर आणखी एक बंधन घातले आहे. मुलाविषयी निर्णय घेताना त्याचा धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा यांचा विचार केलाच पाहिजे, असे ते बंधन होय. भारतीय वंशाच्या कुटुंबांनी या कामात पुढे यावे, असा आग्रह अनेक संस्था धरतात, त्यामागे हे एक कारण आहे.

कौन्सिल की खासगी संस्था?

इंग्लंडमध्ये प्रतिपालक होण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग थेट कौन्सिलच्या प्रतिपालन विभागाकडे नाव नोंदविण्याचा. दुसरा मार्ग स्वतंत्र संस्थांचा. यांतील काही संस्था धर्मादाय तत्त्वावर चालतात, तर अनेक संस्था नफ्यासाठी चालविल्या जातात. गेल्या काही वर्षांत अशा संस्थांमध्ये गुंतवणूकदार कंपन्यांचा पैसा मोठ्या प्रमाणावर आला आहे. कौन्सिलकडे स्वतःच्या यादीतले योग्य कुटुंब उपलब्ध नसेल, तर ती स्वतंत्र संस्थेकडे विचारणा करते आणि मुलाला त्या संस्थेच्या कुटुंबात ठेवून संस्थेला दर आठवड्याला ठरलेली रक्कम देते. त्या रकमेतून संस्था पालकांना भत्ता व मोबदला देते, समाजसेवकांचे पगार भागविते आणि उरले ते स्वतःकडे ठेवते. या संस्थांची तपासणी ‘ऑफस्टेड’ ही सरकारी यंत्रणा करते आणि तिचे अहवाल कोणालाही वाचावयास मिळतात.

या व्यवहारातील नफा हा तेथे वादाचा विषय आहे. स्पर्धा आणि बाजारपेठ प्राधिकरणाने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात प्रतिपालन क्षेत्रातील मोठ्या खासगी संस्थांच्या नफ्याचे सरासरी प्रमाण १९.४ टक्के असल्याचे नमूद केले. स्कॉटलंडमध्ये नफ्यासाठी प्रतिपालन संस्था चालविण्यास मुळातच मुभा नाही. वेल्सने २०२५ मध्ये कायदा करून मुलांच्या देखभालीतून नफा हद्दपार करण्याचा मार्ग धरला. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या मुलांच्या कल्याणविषयक विधेयकात अशा संस्थांच्या नफ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला देण्याची तरतूद होती. संस्था बदलू पाहणाऱ्या पालकाने ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी. कारण प्रशिक्षित आणि अनुभवी पालक ही प्रत्येक संस्थेची गरज आहे. त्यांच्या कमतरतेमुळे संस्था एकमेकींकडील पालक आपल्याकडे वळविण्याचा प्रयत्न करतात आणि त्यासाठी काही ठिकाणी एकरकमी बक्षीसही देऊ करतात.

पालक संस्था का बदलतात?

यामागे केवळ पैसा असतो, असे समजणे चुकीचे ठरेल. मोबदल्यातील तफावत हे एक कारण जरूर आहे. तथापि आधाराचा अभाव हे त्याहून मोठे कारण म्हणावे लागेल. प्रत्येक प्रतिपालक कुटुंबासाठी संस्थेने एक पर्यवेक्षक समाजसेवक नेमावा लागतो. मुलाचा समाजसेवक वेगळा असतो आणि तो कौन्सिलचा असतो. पर्यवेक्षक मात्र कुटुंबाच्या पाठीशी उभा राहण्यासाठी असतो. तो वारंवार बदलत असेल, वा अडचणीच्या वेळी भेटतच नसेल, तर मध्यरात्री घर सोडून निघून गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला शोधताना ते कुटुंब एकटे पडते.

काही कुटुंबांकडे महिनोन्महिने मूलच पाठविले जात नाही आणि खोली रिकामी राहते. काहींना विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी किंवा आई व तान्हे बाळ यांना एकत्र सांभाळण्यासाठी प्रशिक्षण हवे असते आणि सध्याच्या संस्थेत ते मिळत नाही. कोणी दुसऱ्या गावी राहावयास जाते. कधी लहान संस्था मोठ्या कंपनीने विकत घेतल्यावर कामाची पद्धतच बदलते. कधी संस्था बंद पडते आणि तिच्याकडील साऱ्याच कुटुंबांवर बदलाची वेळ येते.

संस्था बदलण्याचा पालकांना अधिकार आहे, यात शंका नाही. सर्वसाधारणपणे प्रतिपालक हा संस्थेचा नोकर मानला जात नाही आणि करासाठी त्याची गणना स्वयंरोजगार करणाऱ्यांत होते. त्यामुळे कोणतीही संस्था त्याला बांधून ठेवू शकत नाही. पण ज्या अर्थी तो नोकर नाही, त्या अर्थी नोकरदाराला बदलीच्या काळात कायद्याचे जे संरक्षण मिळते, तेही त्याला सहसा मिळत नाही.

मान्यता सोबत नेता येत नाही

येथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. प्रतिपालक म्हणून मिळालेली मान्यता ही वाहनचालकाच्या परवान्यासारखी देशभर चालणारी नसते. ती एका विशिष्ट संस्थेने दिलेली असते आणि त्या संस्थेपुरतीच असते. २०११ च्या प्रतिपालन सेवा नियमांनुसार एका व्यक्तीला एकाच वेळी दोन संस्थांची मान्यता असू शकत नाही. म्हणजेच जुन्या संस्थेची मान्यता संपल्याखेरीज नवी संस्था मान्यता देऊ शकत नाही. प्रतिपालकांची देशव्यापी नोंदवही असावी काय, या प्रश्नाचा ऊहापोह मार्टिन नॅरी आणि मार्क ओवर्स यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात केला होता आणि तशा नोंदवहीचा विचार व्हावा, असे सुचविले होते.

मान्यता सोबत येत नसल्यामुळे नव्या संस्थेला कुटुंबाचे मूल्यमापन नव्याने करावे लागते. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या पालकांनाही यातून सूट नाही. २०१३ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन या मूल्यमापनाचे दोन टप्पे करण्यात आले. पहिल्या टप्प्यात मूलभूत माहिती, आरोग्याचा तपशील, घरातील सदस्य, गुन्हेगारी पार्श्वभूमीची पडताळणी आणि शिफारशी यांचा समावेश होतो. दुसऱ्या टप्प्यात समाजसेवक घरी अनेकदा येऊन सविस्तर अहवाल तयार करतो. हा अहवाल प्रतिपालन समितीपुढे जातो. समिती शिफारस करते आणि संस्थेचा निर्णयाधिकारी अंतिम निर्णय घेतो. दोन्ही टप्पे एकाच वेळी चालविता येतात. तरीही या साऱ्यात काही महिने जातात, हे गृहीत धरूनच पाऊल टाकावे.

अनुभवी पालकांचे काम थोडे हलके व्हावे, यासाठी २०१३ च्या दुरुस्तीत दोन सोयी करण्यात आल्या. पहिली सोय अशी, की अर्जदार सध्या अथवा मागील १२ महिन्यांत दुसऱ्या संस्थेचा मान्यताप्राप्त प्रतिपालक असेल, तर त्या संस्थेकडून लेखी शिफारस मागविली जाते आणि ती मिळाल्यास वैयक्तिक ओळखीच्या व्यक्तींच्या मुलाखतींची गरज राहत नाही. दुसरी सोय जुन्या नोंदींबाबतची आहे. संबंधित व्यक्तीच्या संमतीने नवी संस्था जुन्या संस्थेकडील कागदपत्रे पाहण्याची मागणी करू शकते आणि जुन्या संस्थेने ती १५ कामकाजाच्या दिवसांत उपलब्ध करून द्यावयाची असतात. आधीचा मूल्यमापन अहवाल, वार्षिक आढावे, प्रशिक्षणाच्या नोंदी, तक्रारी असल्यास त्यांचा निकाल, असे सारे त्यातून पुढे येते. नव्या संस्थेने या माहितीचा उपयोग करावा, मात्र तिची खातरजमा स्वतः करावी, अशी अपेक्षा आहे.

आधी राजीनामा नको

रागाच्या भरात किंवा अजाणतेपणी पालकांकडून होणारी मोठी चूक म्हणजे आधी राजीनामा देणे. प्रतिपालकाने लेखी राजीनामा दिला, की तो संस्थेला मिळाल्यापासून २८ दिवसांनी मान्यता आपोआप संपते. संस्था तो नाकारू शकत नाही. आता कल्पना करा, की नव्या संस्थेचे मूल्यमापन अजून निम्म्यावर आहे आणि हे २८ दिवस संपले. त्या दिवसापासून हे कुटुंब मान्यताप्राप्त राहत नाही. घरात मूल असेल, तर मान्यता नसलेल्या कुटुंबात कौन्सिलला त्याला ठेवता येत नाही. मोठ्यांनी कागदांचा क्रम चुकविल्यामुळे मुलाला सामान बांधावे लागणे, याइतकी खेदाची गोष्ट नाही.

म्हणून क्रम नीट ध्यानात घ्यावा. प्रथम नव्या संस्थांकडे केवळ चौकशी करावी. चौकशी करणे म्हणजे अर्ज करणे नव्हे. त्यानंतर, शक्य असेल तर, सध्याच्या संस्थेच्या वरिष्ठांशी बोलून तक्रारीचे निराकरण होते काय, हे पाहावे. अनेकदा पर्यवेक्षक बदलून मिळाल्यानेही प्रश्न सुटतो. तरीही बदलावयाचे ठरल्यास सध्याच्या संस्थेला आणि मुलाला पाठविणाऱ्या कौन्सिलला तसे लेखी कळवावे. हे कळविणे म्हणजे राजीनामा नव्हे, हे पत्रात स्पष्ट लिहिलेले बरे. मग नव्या संस्थेचे मूल्यमापन सुरू होते. समितीची तारीख जवळ आली आणि शिफारस अनुकूल होणार असे दिसू लागले, की राजीनाम्याचा दिवस दोन्ही संस्थांशी बोलून निश्चित केला जातो. जुनी मान्यता ज्या दिवशी संपते, त्याच दिवशी नवी सुरू व्हावी, असा हा मेळ घालावयाचा असतो.

मुलाचे काय?

घरात मूल नसेल, तर संस्थाबदलाचा मामला बराचसा कागदोपत्री असतो. मूल असेल तेव्हा खरी कसोटी लागते. मूल संस्थेचे नसते आणि प्रतिपालकाचेही नसते. त्याची जबाबदारी कौन्सिलची असते आणि ते कोठे राहील, हे कौन्सिलच ठरविते. त्यामुळे ‘आम्ही संस्था बदलतो, मूल आमच्याबरोबर येईल’ असे पालकांना परस्पर ठरविता येत नाही. त्याचप्रमाणे ‘तुम्ही गेलात तर मूल काढून घेऊ’ अशी धमकी जुनी संस्थाही देऊ शकत नाही, कारण तो अधिकार तिला नाही.

अशा प्रसंगांसाठी प्रतिपालकांच्या हितासाठी काम करणाऱ्या ‘फॉस्टरिंग नेटवर्क’ या धर्मादाय संघटनेने एक आचारसंहिता तयार केली आहे. ती कायदा नाही, पण या क्षेत्रात ती प्रमाण मानली जाते. मुलाचे हित आणि त्याच्या घराचे स्थैर्य हे तिचे पहिले सूत्र आहे. पालकाने लेखी कळविल्यापासून २८ दिवसांच्या आत एक बैठक घ्यावी, असे ती सांगते. या बैठकीला जुनी संस्था, नवी संस्था, मुलाला पाठविणारी कौन्सिल आणि स्वतः पालक उपस्थित राहतात. एकाच घरात दोन वेगवेगळ्या कौन्सिलांनी पाठविलेली मुले असतील, तर दोन्ही कौन्सिलांचा सहभाग लागतो.

बैठकीत ठरवावयाचे विषय अगदी व्यावहारिक असतात. मुलाने याच घरी राहणे त्याच्या हिताचे आहे काय? नवी संस्था त्याच्या गरजा भागवू शकेल काय? जुन्या संस्थेमार्फत त्याला समुपदेशन किंवा शिकवणी मिळत असेल, तर ती पुढे कोण देणार? कौन्सिलने नव्या संस्थेला आठवड्याला किती रक्कम द्यावयाची? बदलाचा दिवस कोणता? आणि मुलाला हे कोण, कसे सांगणार? शेवटचा प्रश्न अनेकदा अखेरीस येतो. खरे तर तो आधी यावयास हवा. एकदा घर सुटलेल्या मुलाला मोठ्यांच्या बैठकांची भीती वाटते. ‘मला पुन्हा दुसरीकडे पाठविणार काय?’ हाच विचार त्याच्या मनात प्रथम येतो. मुलाचे मत विचारात घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तसेच त्याच्या योजनेचा ठरावीक काळाने आढावा घेणारा स्वतंत्र अधिकारी असतो, त्याच्या कानावरही ही गोष्ट वेळीच गेली पाहिजे.

आपल्या उदाहरणातील नऊ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर सारे सुरळीत झाल्यास फारसे काहीच बदलत नाही. तीच खोली, तीच शाळा, तेच वरण-भात. महिन्यातून एकदा येणाऱ्या बाईंऐवजी दुसऱ्या बाई येऊ लागतात, एवढेच. साऱ्या प्रक्रियेचा हेतू हाच आहे.

पैशाचा हिशेब

मोबदल्याची तुलना करताना दोन रकमा वेगळ्या ठेवाव्यात. एक रक्कम मुलाच्या खर्चासाठी असते. सरकार दरवर्षी मुलाचे वय आणि प्रदेश यांनुसार या भत्त्याची किमान पातळी ठरवून देते. दुसरी रक्कम पालकाच्या कामाचा मोबदला असते आणि ती संस्थेगणिक बदलते. काही संस्था दोन्ही मिळून एकच मोठा आकडा जाहिरातीत दाखवितात. त्यात सुट्टीचा खर्च, वाढदिवसाची रक्कम, प्रवासखर्च हे धरलेले आहे की वेगळे मिळते, हे विचारल्याशिवाय खरी तुलना होत नाही. मूल नसताना काही मिळते काय, पालकांना विश्रांती हवी असल्यास मुलाची सोय कोण करते आणि त्या दिवसांचे पैसे कापले जातात काय, हेही विचारावे.

कराच्या बाबतीत मात्र संस्थाबदलाने नुकसान होत नाही. प्रतिपालकांना मिळणारी विशेष करसवलत वर्षासाठी आणि घरासाठी असते, संस्थेसाठी नव्हे. तिची वार्षिक ठरावीक मर्यादा २०२३-२४ या वर्षापासून १०,००० पौंडांवरून १८,१४० पौंड करण्यात आली आणि पुढे ती महागाईशी जोडण्यात आली. शिवाय प्रत्येक मुलामागे दर आठवड्याची वेगळी सूट मिळते. वर्षाच्या मध्यात संस्था बदलल्यास दोन्ही संस्थांकडील रकमांची कागदपत्रे जपून ठेवावीत, म्हणजे विवरणपत्र भरताना घोळ होणार नाही.

एकरकमी बक्षिसाबाबत सावध राहणे श्रेयस्कर. ते कोणत्या अटीवर आहे, किती हप्त्यांत मिळते, ठरावीक काळाआधी संस्था सोडल्यास परत करावे लागते काय, हे लेखी घ्यावे. ज्या संस्थेचे पहिले बोलणेच बक्षिसाचे असेल आणि घरातील मुलाविषयी जिने एकही प्रश्न विचारला नसेल, तिच्याविषयी पालकाने दोनदा विचार करावा.

तक्रारीपासून पळवाट नाही

पालकावर आरोप झाला असेल किंवा देखभालीच्या दर्जाविषयी चौकशी चालू असेल, तेव्हा संस्था बदलून सुटका करून घेता येईल, अशी काहींची समजूत असते. ती निराधार आहे. जुन्या नोंदी आणि शिफारस यांतून ही माहिती नव्या संस्थेपर्यंत पोहोचतेच. राजीनामा दिला, तरी चौकशी पूर्ण करून निष्कर्ष नोंदविला जाऊ शकतो. त्यामुळे चौकशी संपल्यावरच बदलाचा विचार करणे उचित. दुसरीकडे, चौकशी संपून पालक निर्दोष ठरला असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख आपल्या नोंदींत आहे, याची खात्री त्याने करून घ्यावी. अर्धवट नोंद अनेक वर्षांनी अडचणीची ठरू शकते.

मान्यता काढून घेण्याचा, तिच्या अटी बदलण्याचा किंवा दुसऱ्या टप्प्यानंतर नवी मान्यता नाकारण्याचा निर्णय संस्था घेणार असेल, तर पालकाला दाद मागता येते. २००९ पासून इंग्लंडमध्ये त्यासाठी स्वतंत्र पुनर्विलोकन यंत्रणा आहे. नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत संस्थेकडे म्हणणे मांडता येते किंवा या यंत्रणेकडे जाता येते. यंत्रणा शिफारस करते, अंतिम निर्णय मात्र संस्थेचाच राहतो.

नव्या मान्यतेच्या अटी जुन्यासारख्याच असतील, असेही नाही. कायद्याने एका प्रतिपालकाकडे साधारणपणे तीनपर्यंत मुले ठेवता येतात, सख्ख्या भावंडांचा अपवाद वगळता. मात्र त्या मर्यादेत किती मुले, कोणत्या वयाची, हे संस्था ठरवू शकते. जुन्या संस्थेने किशोरवयीन मुलांसाठी मान्यता दिली असेल आणि नवीने केवळ लहान मुलांसाठी दिली, तर घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीचे काय, हा प्रश्न आधीच सोडविला पाहिजे.

हे प्रश्न अवश्य विचारा

- पर्यवेक्षक समाजसेवकाकडे एकूण किती कुटुंबे आहेत? मागच्या दोन वर्षांत किती समाजसेवक सोडून गेले?
- रात्री-अपरात्री दूरध्वनी केल्यास कोण बोलते? आमच्या कुटुंबाची माहिती असलेली व्यक्ती की केवळ निरोप घेणारी?
- ‘ऑफस्टेड’चा शेवटचा अहवाल कधीचा? त्यात सुधारणेसाठी काय सुचविले आहे?
- आमच्या भागात, आम्हाला मान्यता असलेल्या वयोगटातील मुलांसाठी कौन्सिलांकडून प्रत्यक्षात किती विचारणा येतात?
- आरोप झाल्यास स्वतंत्र सल्ला मिळतो काय? त्या काळात मोबदला चालू राहतो काय?
- संस्थेची मालकी कोणाकडे आहे? ती अलीकडे बदलली आहे काय?
- संस्थेकडे आधीपासून असलेल्या दोन-तीन कुटुंबांशी आम्हाला एकांतात बोलता येईल काय?

शेवटच्या प्रश्नाला संस्था जर खळखळ करीत असेल, तर बाकीच्या उत्तरांचे मोल तेवढेच समजावे.

आपल्याकडील चित्र

भारतात प्रतिपालनाची व्यवस्था अद्याप बाल्यावस्थेत आहे, असेच म्हणावे लागेल. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये प्रतिपालनाची तरतूद आहे. त्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि २०२४ मध्ये ती सुधारली. सुधारित तत्त्वांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली आणि प्रतिपालनातील मूल दत्तक घेण्यासाठीचा कालावधी पाच वर्षांवरून दोन वर्षांवर आणला. मूल कोणत्या कुटुंबात जावे, याचा आदेश बाल कल्याण समिती देते आणि देखरेख जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून नातेवाइकांकडे वा एकट्या पालकाकडे वाढणाऱ्या मुलांना साह्य दिले जाते. इंग्लंडसारखी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांची बाजारपेठ येथे नाही. त्यामुळे ‘संस्था बदलावी काय’ हा प्रश्नही येथे तसा उद्भवत नाही.

पण उद्या ही व्यवस्था वाढेल तेव्हा इंग्लंडच्या अनुभवातून घेण्याजोगे बरेच काही आहे. कुटुंबाच्या नोंदी कोणाच्या, मधली संस्था बदलली तर मुलाच्या हक्काचे काय, पालकाने मदत मागितली तर ती किती तासांत मिळणार, या गोष्टी आरंभीच लिहून ठेवलेल्या बऱ्या. इंग्लंडला त्या पुढे नियमदुरुस्त्या करून आणि संघटनेच्या आचारसंहितेने जमवून घ्याव्या लागल्या.

शेवटी, लेस्टरच्या त्या दाम्पत्याने काय करावे? याचे एकच उत्तर नाही. सध्याची संस्था सुधारणार नसेल आणि तिच्या ढिसाळपणाचा त्रास मुलालाच होत असेल, तर बदलणे हेच मुलाच्या हिताचे. मात्र मुलाच्या आयुष्यात दुसरी एखादी उलथापालथ चालू असेल, म्हणजे शाळा बदलायची असेल, आईशी भेटी नव्याने सुरू झाल्या असतील अथवा न्यायालयाची तारीख तोंडावर असेल, तर चार-सहा महिने थांबणे शहाणपणाचे ठरेल. पालकांनी आपल्या गैरसोयीची यादी करावी, आणि तिच्या शेजारी मुलाच्या दृष्टीने काय बदलणार याची दुसरी यादी करावी. दोन्ही याद्या समोर ठेवून कौन्सिलच्या समाजसेवकाशी बोलावे. राजीनाम्याचे पत्र मात्र नव्या मान्यतेचा दिवस निश्चित होईपर्यंत पेटीतच राहू द्यावे.